एक रेघ आणि सही

४ जानेवारी

मनाच्या डॉक्टरांनी आज आम्हा तिघांना एकेक कोरी वही दिली. म्हणाल्या, "वाटेल तेव्हा लिहा, कुणी वाचणार नाही." कुणी वाचणार नाही असं सांगून दिलेली वही सगळ्यात आधी कोण वाचतं, हे वीस वर्षांच्या नोकरीत मला चांगलं कळलेलं आहे. तरीही लिहिणार. मला लिहायची सवय आहे, बोलायची नाही.

नियम मात्र माझे. ही वही मी जहाजाच्या लॉगबुकासारखी लिहीन. लॉगबुक शाईनं लिहितात आणि त्यात खाडाखोड नसते. चूक झाली तर त्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला सही करायची, आणि खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. माझ्या पहिल्या जहाजाच्या कप्तानानं एका नवख्या अधिकाऱ्याच्या खिशातलं खोडरबर काढून समुद्रात भिरकावलं होतं. तो नवखा अधिकारी मीच. तेव्हापासून आजपर्यंत मी कागदावर काही पुसलेलं नाही.

तर पहिली नोंद. वय एक्केचाळीस. आधी नौदल, त्यातली आठ वर्षं तोफांच्या शेजारी. गेली दोन वर्षं अंतराळवीर, म्हणजे जमिनीवरचा. यानात जागा दोन आणि आम्ही तिघं. मी, हवाई दलातून आलेला पायलट, आणि विद्यापीठातून आलेल्या गणितबाई. यादी महिनाअखेर लागणार. एप्रिलात उड्डाण.

पायलट मला बोटवाला म्हणतो. त्याला वाटतं मी चिडतो. चिडतोच.

९ जानेवारी

आज डब्यात चार तास. डबा म्हणजे यानाची जमिनीवरची नक्कल. दोन खुर्च्या, समोर भिंतभर बटणं आणि घामाचा वास. डावीकडे पायलट, उजवीकडे मी, माझ्या मांडीवर सूचनांचं जाडजूड पुस्तक. बाहेर बसलेले शिक्षक मुद्दाम काहीतरी बिघडवतात. बिघडलं की एक बारीक शिट्टी वाजते. ती वाजली की मी पान उघडून पहिली सूचना मोठ्यानं वाचायची. मुदत वीस सेकंद. आज आम्ही अकरावर आलो. पुस्तकातलं पान शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पण या माणसाची एक खोड मला अजिबात खपत नाही. शिट्टी झाली रे झाली की हा माझ्या गुडघ्यावर थाप मारतो आणि "घंटी!" म्हणून ओरडतो. जसा काही मी डुलक्या काढतोय. दोन वर्षं सांगतोय, हात आवर म्हणून.

"अरे, सवय आहे," म्हणतो. "आमच्या विमानात मागे बसलेल्याला असंच जागं करतात."

"मी मागे बसलेलो नाही. शेजारी बसलोय."

"म्हणून तर हात पुरतो."

वर सरावपत्रकही तोच भरतो. कुणी काय केलं, किती सेकंदांत केलं, सगळं. मी म्हटलं, एकदा मला दे. म्हणाला, "तुझं अक्षर फार सुंदर आहे रे, वेळ लागतो." जोडीला दर वेळी मलाच मागून घेतो हेही खरं. त्याला ऐकणारा माणूस लागतो. गणितबाई त्याच्या विनोदांना हसत नाहीत.

११ जानेवारी

सुट्टी. घरात बसलो की लक्षात येतं, हिला पुटपुटायची सवय लागली आहे. शाळेत चाळीस पोरांवर ओरडून येते, मग घरी आवाजच उरत नाही. स्वयंपाकघरातून काहीतरी बोलते आणि मी आत गेलो की म्हणते, "राहू दे आता." रस्त्यानं चालताना मात्र हट्टानं माझ्या उजव्या बाजूला येते. वाहनं उजवीकडून येवोत की डावीकडून, ही उजवीकडेच. बायकांच्या अशा समजुतींना उत्तर नसतं.

कन्येचं व्हायोलिन ऐकलं. बारा वर्षांची आहे, हात गोड आहे, पण आळस फार. खालचे सूर छान वाजवते आणि वरचे आले की नुसताच गज फिरवते, आवाज काढतच नाही. मी म्हटलं, "अगं, अर्धं गाणं गिळलंस की."

तिनं आईकडे पाहिलं. आईनं भाजीकडे पाहिलं.

"वाजवलं की, बाबा," ती म्हणाली.

"खोटं बोलायचं नाही. मला दिसतंय."

रडत आत गेली. शिस्त लावायला गेलं की बापच वाईट.

१६ जानेवारी

वार्षिक तपासणी. हृदय, डोळे, हाडं, सगळं उत्तम. मोठे डॉक्टर म्हणाले, "कमांडरसाहेब, तुम्ही आमचं काम कमी करता."

कानाच्या तपासणीची गंमत लिहून ठेवतो. काचेच्या पेटीत बसवतात, कानांवर गोल टोप्या चढवतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्रावर बसणारे काका जुने आहेत. आवाज सोडताना त्यांचा उजवा खांदा जरासा वर जातो. हे मी पहिल्याच वर्षी हेरलं. खांदा वर की बटण. दर वर्षी पैकीच्या पैकी. काका म्हणतात, "असे कान मी जन्मात पाहिले नाहीत."

याला कुणी फसवणूक म्हणेल. मी निरीक्षण म्हणतो. नौदलात नजर अशीच तयार होते. त्या पेटीतले शेवटचे बारीक आवाज तसेही कुणाला ऐकू येत नसणार. सगळे अंदाजानंच दाबत असतील.

२३ जानेवारी

समुद्र! यान परतताना पाण्यात पडणार, म्हणून पाण्यातून बाहेर पडायचा सराव. इथे मी राजा. लाटा चांगल्या पुरुषभर होत्या. गणितबाईंनी तीनदा उलटी केली, तोंड पुसलं आणि "चौथ्यांदा जाऊ या" म्हणाल्या. बाई चिवट आहे, एवढं मान्य.

पायलट पांढराफटक पडला होता. आधी मी खूप हसलो. आकाशात कोलांट्या मारणारा माणूस आणि पाण्यात गोगलगाय. पण बचावनौकेवर ओढून घेतलं तर हा कमरेत वाकून मुटकुळं झालेला. माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे.

"समुद्र लागला?" मी विचारलं.

"मूतखडा," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा. बारीक आहे. पडून जाईल."

"डॉक्टरांना..."

"डॉक्टरांना कळलं तर संपलंच सगळं. बोटवाल्या, कुणाला सांगू नकोस. शब्द दे."

दिला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ओठ निळे पडले होते. त्या वेळी त्यानं काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं. इंजिनाच्या आवाजात तो आणखी काहीतरी म्हणाला, मला नीट कळलं नाही. मी मान हलवली. तो हसला, म्हणजे तेवढ्यावर भागलं असावं.

किनाऱ्यावर सांगितलं, समुद्र लागला. सगळ्यांना पटलं. हवाई दलवाल्याला समुद्र लागतो यावर कोण शंका घेणार?

३१ जानेवारी

यादी लागली. पायलट, प्रमुख. गणितबाई, सोबत. मी राखीव.

राखीव म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाच्या मापाचा कोट शिवून कोपऱ्यात उभं राहायचं. त्याला ताप आला तरच आपल्याला बोहलं.

कानामागून आली आणि तिखट झाली. मी तोफा डागत होतो तेव्हा या बाई शाळेत पाढे म्हणत असतील. पण राग बाईंचा नाही. राग येण्याचं कारण संचालकांच्या तोंडून निसटलं. ते म्हणाले, "शेवटी आम्ही प्रमुखाला विचारलं, सोबत कोण हवं. त्यानं बाईंचं नाव घेतलं."

त्याला मैदानाच्या कडेला गाठलं. सरळ विचारलं, माझ्यात काय खोट आहे.

त्यानं बुटाच्या टोकानं थोडी माती उकरली. मग म्हणाला, "वर आपण आलटून पालटून झोपणार. मी झोपलेलो असेन तेव्हा तू एकटा असशील, बोटवाल्या."

"मग? वादळात चारशे माणसांचं जहाज मी एकट्यानं सांभाळलंय."

"माहितेय रे. जहाजावर चारशे माणसं होती."

"म्हणजे काय?"

"काही नाही," म्हणाला. "जाऊ दे. माझ्यावर रागव हवं तर."

हवं तर! परवानगी देतोय. दोन वर्षं माझा गुडघा बडवला, माझ्या डब्यातलं खाल्लं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हला आणि वेळ आली तेव्हा बाईंचं नाव. घरी येऊन हिला सांगितलं तर तिनं माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मला क्षणभर वाटलं, हिला बरंच वाटलं.

३ फेब्रुवारी

झोप नीट नाही. विचार एकच. मूतखड्याचा माणूस वर गेला आणि तिथे त्याची कळ उठली तर? तिथे दवाखाना नाही. बाई एकट्या काय करणार? यान परत आणावं लागेल, हजारो लोकांची मेहनत पाण्यात.

शब्द दिला होता. पण शब्द मोठा की दोन माणसांचे जीव मोठे?

५ फेब्रुवारी

जहाजावर असतो तर पाच मिनिटांत निकाल लावला असता. बुडाला भोक आहे हे ज्याला माहीत आहे त्यानं कप्तानाला सांगायचं. भोक मित्रानं पाडलंय का, हे तिथे कुणी विचारत नाही. दोष लपवणारा माणूस आणि दोष, दोन्ही जहाजाला सारखेच धोक्याचे.

७ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं.

ते चष्मा पुसत ऐकत होते. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो. तेवीस तारखेला. बचावनौकेवर."

"आज सात."

"हो."

"यादी एकतीसला लागली."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही," म्हणाले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली माझी सही घेतली. "कमांडरसाहेब, तुमच्याबद्दल काही सांगायचं आहे? आता बसलोच आहोत म्हणून विचारतो."

"माझ्याबद्दल? माझे अहवाल तुमच्यासमोर आहेत."

"आहेत खरे," ते म्हणाले.

कर्तव्य कडू असतं, पण पार पाडल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. अजून झालो नाही. होईन. हे मी मत्सरापोटी केलं नाही.

(वरच्या ओळीत आधी नुसतंच 'मत्सरापोटी केलं' असं लिहिलं गेलं होतं. 'केलं'वर रेघ मारून 'केलं नाही' लिहिलं आहे. घाईत होतं असं. सही.)

१२ फेब्रुवारी

पायलटच्या दोन्ही मूत्रपिंडांत खडे निघाले. त्याला उड्डाणातून काढलं. प्रमुख मी, सोबत गणितबाई. संचालकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं, पण नजरेला नजर दिली नाही.

कपाटं आमची शेजारीशेजारी. तो आपलं रिकामं करत होता. हातमोजे, दाढीचं सामान, मुलाचा फोटो. मी म्हटलं, "वाईट वाटलं ऐकून."

"कुणाकडून ऐकलंस?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला त्याला उत्तर तयार होतं.

मी माझ्या कपाटाची कडी लावली.

त्यानं पिशवीची चेन ओढली आणि माझ्या समोर, अगदी तोंडासमोर येऊन उभा राहिला. तो नेहमी असाच बोलतो, अंगावर येऊन. "एक काम कर," म्हणाला. "बाईंना सांग, शिट्टी झाली की तुझ्या गुडघ्यावर थाप मारायची. विसरू नकोस."

जाता जाता टोमणा! मी म्हटलं, "आता निदान माझा गुडघा तरी सुटला."

"सांग त्यांना," तो पुन्हा म्हणाला आणि गेला.

बाईंना असलं काही सांगून मी स्वतःचं हसं करून घेणार नाही.

१५ फेब्रुवारी

हिला कळलं. पायलटच्या बायकोकडून. मी जेवायला बसलो होतो.

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगावंच लागतं. शरीरातला दोष लपवून..."

"शब्द दिला होतात ना त्यांना?"

"अगं, यान म्हणजे काय चेष्टा आहे? एकाच्या दोषानं दुसऱ्याचा जीव जातो. असा माणूस वर जाता कामा नये. मग तो कुणी का असेना."

ही माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ..." आणि अर्ध्यावरच थांबली.

"पुढे बोल की. माझ्या डोळ्यांत मुसळ आहे म्हणायचंय? परवाच तपासलेत."

"डोळ्यांचं नाही म्हणत मी," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या भरायला उठून गेली. तिथून परत काहीतरी पुटपुटली.

नवऱ्याला आकाशात जायचं आहे आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण. मी हे दुःखानं लिहितो आहे, रागानं नाही. नाही, रागानंच.

३ मार्च

बाईंबरोबर डब्यात पहिला मोठा सराव. डावीकडे त्या, उजवीकडे मी. प्रमुख झालो तरी पुस्तक माझ्याच मांडीवर, हात बसलेला आहे.

मेलो आम्ही. म्हणजे नकली मेलो. हवेची गळती होती. मी पुस्तकात डोकं घालून पुढची पानं लावत होतो आणि अचानक दार उघडून शिक्षक म्हणाला, "संपलं. बाहेर या." शिट्टी म्हणे एकोणपन्नास सेकंद वाजत होती. बाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही पान शोधताय. नियमाप्रमाणे पहिली सूचना पुस्तक धरणाऱ्यानं वाचायची, म्हणून मी थांबले. मग हाक मारली."

"मारली असती तर ऐकली नसती का?"

"दोनदा मारली."

यंत्र बिघडलेलं असणार. माझ्या बाजूच्या तारा तपासून घ्या म्हणून लेखी कळवलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं शिक्षकांपैकी कुणीतरी मागे हळूच म्हणालं असणार. तोंडं तशीच होती.

५ मार्च

तारा तपासल्या. ठीक आहेत. पुन्हा मेलो. या वेळी एक मिनिट चार सेकंद.

मग बाईंनी एक विचित्र गोष्ट केली. बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर मनगटावरचं घड्याळ माझ्या डाव्या कानाशी धरलं आणि त्याचा गजर लावला. "वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

बाकीचे सगळे त्या घड्याळाकडे बघत होते. माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. माणूस वाजणाऱ्या गोष्टीकडेच बघतो.

मला काहीही ऐकू येत नव्हतं.

९ मार्च

कानाची तपासणी. काका नव्हते. एक तरुण मुलगी होती आणि तिनं काचेवर आतून पडदा ओढून घेतला. "असंच करायचं असतं," ती म्हणाली.

मी पेटीत बसलो. खांदा नव्हता. पडद्यावर निळी फुलं होती. मी फुलांकडे बघत बसलो आणि बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिलो. पहिल्यांदा काही जाडे आवाज आले, ते दाबले. मग काही आलंच नाही. मला वाटलं, यंत्र थांबलं. मी टोपी काढून विचारलं, "सुरू कधी होणार?"

ती म्हणाली, "संपलं, सर."

वरच्या पट्टीतलं डाव्या कानानं काहीच नाही, उजव्यानं थोडंसं. किमान दहा वर्षं जुनं. तोफा. मोठे डॉक्टर कागद पुढे सरकवत म्हणाले, "दर वर्षी पैकीच्या पैकी कसे मिळत होते, तेही लिहून द्यावं लागेल."

घरी आलो. कन्येला म्हटलं, वाजव. ती नको म्हणाली. मी म्हटलं, वाजव बाळा, रागावत नाही. तिनं वाजवलं. वरचे सूर आले तेव्हा मी गजाकडे बघितलं नाही, तिच्या आईकडे बघितलं. तिची मान तालात हलत होती. गज नुसता फिरत होता आणि तिची मान हलत होती.

"तुला किती वर्षं माहीत होतं?" मी हिला विचारलं.

"सगळ्यांनाच माहीत होतं," ही मोठ्यानं म्हणाली. पुटपुटली नाही. मला वाटतं, ती कधीच पुटपुटली नव्हती. "सांगायला गेलं की तुम्ही चिडायचात."

१४ मार्च

चौकशी. टेबलावर दोन वर्षांची सरावपत्रकं ठेवली होती, दोनशे सोळा. म्हणाले, वाचून घ्या. सगळी पायलटच्या गिचमिड अक्षरात. एक रकाना आहे: 'शिट्टी कोणी ऐकली?' त्यात दोनशे सोळा वेळा एकच उत्तर. 'दोघांनी, एकाच वेळी.'

एकेक पान उलटत गेलो. एकदा तरी त्याचा हात अडखळला असेल, एकदा तरी खरं लिहून गेला असेल, असं वाटत होतं. नाही. एका पानावर 'मी' लिहून पुरतं गिरगटून टाकलं होतं आणि वर 'दोघांनी' लिहिलं होतं. हवाई दलातले लोक. खोडायचं कसं तेही येत नाही.

तिथे बसून मी रडलो. तीन अधिकाऱ्यांसमोर. त्यांना वाटलं, उड्डाण गेलं म्हणून.

१६ मार्च

माझ्यासाठी प्रश्नपत्रक आलं आहे. उद्या द्यायचं. चौथा प्रश्न: 'तुमच्या दोषाची कोणा सहकाऱ्यास कल्पना होती काय?'

मोठ्या डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं, पायलटचं कसं आहे. म्हणाले, खडे काढलेत. वर्षभर पुन्हा झाले नाहीत तर दुसऱ्या उड्डाणाला त्याचा विचार होऊ शकतो. "अर्थात, बाकी कागद स्वच्छ असतील तर." मी विचारलं, आणि सरावपत्रकं? "त्यालाही शिट्टी वाजताना तुम्ही ऐकताय असंच वाटलं असेल, तर तो दोष त्याचा नाही."

म्हणजे मी 'हो' लिहिलं तर त्यानं दोनशे सोळा वेळा खोटं लिहिल्याचं सिद्ध होतं. 'नाही' लिहिलं तर तो सुटतो.

माझं जे व्हायचं ते झालंय. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. पण त्याचं अजून काही शिल्लक आहे. आयुष्यात एकदा खोटं लिहायचं आहे आणि तेही शाईनं. हिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. तुम्हाला जमेल." इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मला वाढलं आणि समोर बसून राहिली.

१७ मार्च

चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं: 'नाही. कोणालाही कल्पना नव्हती.' पत्रक दुमडून मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

त्यांनी उघडलं, वाचलं, चष्मा काढला. मग खणातून दुसरं पत्रक काढून शेजारी ठेवलं. गिचमिड अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"त्याला परवा दिलं होतं," ते म्हणाले. "त्याच्या पत्रकातला दुसरा प्रश्न. सहकाऱ्याचा दोष तुम्हाला माहीत होता काय."

त्यापुढे लिहिलं होतं: 'हो. पहिल्या आठवड्यापासून.'

"का?" मी विचारलं. आवाज बहुतेक मोठा झाला, कारण बाहेरचा शिपाई आत डोकावला. "त्याला कुणी सांगितलं होतं खरं लिहायला? तो सुटला असता!"

"मीही तेच म्हटलं त्याला." डॉक्टर माझ्या उजव्या बाजूला येऊन, सावकाश, शब्द सुटा करून बोलत होते. "म्हणाला, काही उपयोग नाही, डॉक्टर. बोटवाला खरंच लिहिणार. नियमापुढे तो मित्राला बघत नाही, ते मी पाहिलंय. मग मी खोटं लिहून आणखी खोटा कशाला ठरू?"

मी ते गिचमिड उत्तर पुन्हा एकदा वाचलं.

"दोन उत्तरं जुळत नाहीत," ते म्हणाले. "त्यानं सही केलेली आहे, ते आता बदलणार नाही. तुमचं असंच पाठवलं तर त्याचं काही वाचत नाही, फक्त तुमच्या नावावर आणखी एक लबाडी चढते. कोरं पत्रक देतो. हे फाडून टाकू."

"फाडायचं नाही," मी म्हटलं.

पत्रक पुढे ओढलं. 'नाही. कोणालाही कल्पना नव्हती.' या ओळीवर एकच आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'हो. पायलटला होती.' बाजूला सही केली. त्याच्याविरुद्ध माझी ही दुसरी सही.

डॉक्टरांनी कागद उजेडाकडे धरला. "खालचं वाचता येतंय, कमांडर."

"येऊ दे," मी म्हणालो. "त्याला दाखवा."